बोलता बोलता गाणं कसं सुरू होतं? जुन्या हॉलिवूड संगीतपटांची उकल

'विकेड' २०२४ मध्ये आला तेव्हा त्याच्या प्रसिद्धीत एक गोष्ट आवर्जून सांगितली जात होती: नायिकांनी गाणी सेटवर, कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायली आहेत. ऐकणाऱ्याला साहजिक प्रश्न पडतो, यात सांगण्यासारखं काय? मग बाकीच्या संगीतपटांत काय करतात? याच कुतूहलातून कुणी जुना 'टॉप हॅट' लावतो आणि आणखी गोंधळतो. चित्र काळं-पांढरं, गोष्ट पोरकट, नायक रूढ अर्थाने देखणा नाही, प्रेमपट असून चुंबनाची वानवा. तरी १९३५ चा हा चित्रपट लोक अजून पुन्हा पुन्हा पाहतात.

तो पाहताना सगळं आपोआप घडत असल्यासारखं वाटतं, पण त्यातली एकही गोष्ट आपोआप घडलेली नाही. तंत्र, सेन्सॉरचे नियम, गाण्याची लांबी, कॅमेऱ्याचं अंतर या सगळ्यांनी मिळून ती सहजता बनवली. एकेक भाग सुटा करून पाहू.

संगीतपट म्हणजे गाणी असलेला चित्रपट नव्हे

आपल्याकडे मारधाडीच्या चित्रपटातही गाणी असतात, म्हणून ही फोड आधी करायला हवी. हॉलिवूडमध्ये संगीतपट हा वेगळा प्रकार होता, जसा काउबॉयपट किंवा गुन्हेगारीपट. आपण ज्याला 'जुना' म्हणतो तो काळ साधारण १९२९ ते १९५८. त्यातही दोन घराणी.

पहिल्या घराण्यात पात्रं व्यवसायानेच गायक किंवा नर्तक असतात. गोष्ट एखाद्या नाटक कंपनीची, त्यामुळे गाणी रंगमंचावर होतात आणि 'हे का गातायत?' हा प्रश्नच उरत नाही. १९३३ चा 'फॉर्टी-सेकंड स्ट्रीट' हा याचा नमुना. त्याचा नृत्यदिग्दर्शक बझबी बर्कली कॅमेरा थेट छताला नेऊन खाली डझनावारी नर्तकींची फुलं आणि चक्रं उमलवतो. नाट्यगृहातल्या कुठल्याही खुर्चीवरून ते दिसणं शक्य नाही, पण प्रेक्षक ते बिनतक्रार मान्य करतो.

दुसऱ्या घराण्यात गाणं कथेत विणलेलं असतं. पात्र रस्त्यावर, घरात, बागेत गातं आणि गाणं संपतं तेव्हा गोष्ट पुढे सरकलेली असते. रूबेन मामूलियनच्या 'लव्ह मी टुनाइट' (१९३२) मध्ये पॅरिसमधला शिंपी दुकानात एक धून गुणगुणतो. ती गिऱ्हाइकाच्या तोंडी बसते, त्याच्याकडून टॅक्सीवाल्याकडे जाते, मग आगगाडीतल्या सैनिकांकडे, पुढे एका व्हायोलिनवादकाकडे आणि शेवटी दूरच्या गढीत सज्जात उभ्या राजकन्येपर्यंत पोचते. दोघांची अजून भेटही झालेली नाही, पण प्रेक्षकाला कळून चुकतं की यांचं जमणार. पानभर संवादांनी हे साधलं नसतं. प्रेमाच्या संगीतपटाची खरी ताकद या दुसऱ्या घराण्यात आहे आणि इथून पुढे बोलायचं ते मुख्यतः त्याच्याबद्दलच.

मायक्रोफोनने गाणारा जवळ आणला

रंगमंचावरच्या गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागतो. न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांत, म्हणजे ब्रॉडवेवरही तेच आणि आपल्या संगीत नाटकातही तेच: नट प्रेक्षकांकडे तोंड करून पद म्हणणार, ते रंगलं की 'वन्स मोअर' येणार आणि गोष्ट तेवढा वेळ थांबणार. त्यात बिघडत काहीच नाही, पण तिथे गाणं सभेसाठी असतं, समोरच्या एका माणसासाठी नव्हे.

ऑक्टोबर १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' आला आणि पडद्याला आवाज मिळाला. लगेच काही मोहिनी निर्माण झाली नाही, उलट सुरुवातीला अडचणच झाली. कॅमेऱ्याच्या यंत्राचा खडखडाट मायक्रोफोन टिपत असे, म्हणून कॅमेरा माणसासकट ध्वनिरोधक खोक्यात बंद केला जाई. खोकं हलत नाही म्हणून चित्र हलत नाही, मायक्रोफोन एका जागी म्हणून नटही हलत नाही. त्या दोन-तीन वर्षांतले पुष्कळ संगीतपट खांबाला बांधल्यासारखे दिसतात ते यामुळे. त्यांचा इतका भडिमार झाला की १९३० च्या सुमाराला प्रेक्षक विटले आणि स्टुडिओंनी तयार चित्रपटांतली गाणी कापून ते प्रदर्शित केले.

मात्र एक मोठी गोष्ट घडून गेली होती. मायक्रोफोनसमोर हळू गायलं तरी चालत होतं. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलावं इतक्या आवाजात गाता येऊ लागलं. 'टॉप हॅट'चा नायक फ्रेड अस्टेअर याचा आवाज काही भरदार नव्हता, रंगमंचावरच्या पल्लेदार गायकांपुढे तो पातळच वाटला असता. पण शब्द स्वच्छ, ताल पक्का आणि बोलण्याचा सूर शाबूत. अर्व्हिंग बर्लिन, कोल पोर्टर, जेरोम कर्न, जॉर्ज गर्श्विन अशा बड्या संगीतकारांनी त्याच्यासाठी गाणी रचली ती या गुणांमुळे.

प्लेबॅक: आधी गाणं, मग चित्र

खोक्यातून सुटका झाली ती प्लेबॅकने. प्लेबॅक म्हणजे गाणं आधी ध्वनिमुद्रित करायचं, चित्रीकरणाच्या वेळी ते सेटवर वाजवायचं आणि नटाने त्यावर ओठ हलवायचे. एमजीएम स्टुडिओच्या 'द ब्रॉडवे मेलडी' (१९२९) मधलं एक नृत्य पुन्हा चित्रित करायची वेळ आली, तेव्हा ध्वनिविभागाच्या डग्लस शिअररने वादकांना परत न बोलावता आधीचंच मुद्रण वाजवून काम भागवलं. खर्च वाचवायचा उपाय, पण सगळ्या धंद्याची रीत त्याने बदलली. आपल्याकडे १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त नट-नट्या स्वतःच कॅमेऱ्यासमोर गात होते. १९३५ च्या 'धूपछाँव'पासून इथेही पार्श्वगायन आलं.

नृत्यगीताचं काम साधारण असं चाले. पहिले कित्येक आठवडे फक्त नर्तक, नृत्यदिग्दर्शक आणि एक पियानोवादक. अस्टेअर आणि त्याचा सहकारी हर्मीस पॅन चित्रीकरणाआधी सहाएक आठवडे तालमीच्या खोलीत बसत. नायिका जिंजर रॉजर्स दुसऱ्या चित्रपटात अडकलेली असली की पॅन तिच्या जागी नाचून जोडीचा नाच बसवी आणि नंतर तिला शिकवी. पावलं पक्की झाली की त्यांच्या बेताने वाद्यवृंदाची रचना लिहायची. मग स्टुडिओत गाणं आणि वाद्यं मुद्रित करायची. त्यानंतर सेटवर प्लेबॅक लावून नाच चित्रित करायचा. शेवटी चित्र जुळवून झालं की टॅपचे आवाज वेगळे भरायचे.

हा शेवटचा टप्पा बहुतेकांना ठाऊक नसतो. टॅप नृत्यात बुटांच्या तळाला टाचेशी आणि चवड्याशी धातूच्या पट्ट्या असतात. पावलांचा आवाज हेच तिथे वाद्य. पण सेटवर प्लेबॅकचा कर्णा चालू असतो, दिग्दर्शक सूचना देत असतो, कॅमेऱ्याची गाडी सरकत असते. तो आवाज कामाचा नाही. म्हणून नर्तक नंतर मुद्रणकक्षात फळीवर उभा राहतो, कानाला संगीत लावतो आणि पडद्यावरचे स्वतःचेच पाय बघत तोच नाच पुन्हा नाचतो. रॉजर्सच्या टॅपचे आवाज बऱ्याचदा पॅनने भरले आहेत.

यात बिघडतं काय? पहिलं, ओठ. चित्रपट सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चालतो. ओठ आणि आवाज दोन-तीन चौकटींनी जरी चुकले तरी डोळ्याला खटकतं. दुसरं, श्वास. नट नुसते ओठ हलवू लागला तर मानेच्या शिरा, छाती, हनुवटी स्थिर राहतात आणि खोटेपणा उघडा पडतो. म्हणून सेटवर नटाने प्लेबॅकबरोबर खरोखर मोठ्याने गायचं, हा रिवाज. तिसरं, भाव. गाणं महिनाभर आधी मुद्रित झालेलं असतं. प्रसंग उभा राहतो तेव्हा एखादा शब्द जरा थांबून म्हणावासा वाटला तरी थांबता येत नाही. 'विकेड'च्या प्रसिद्धीत प्रत्यक्ष गायनाचा गाजावाजा झाला तो म्हणूनच. १९६४ च्या 'माय फेअर लेडी'त रेक्स हॅरिसनने तर प्लेबॅकला साफ नकार दिला. आपण एकदा म्हणतो तसं पुन्हा म्हणत नाही, ही त्याची अडचण. त्याच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवून त्याचं गाणं सेटवरच टिपलं गेलं.

बत्तीस बारांचा हिशेब

त्या काळातल्या बहुतेक गाण्यांचा साचा ३२ बारांचा असे. बार म्हणजे पाश्चात्त्य संगीतातलं छोटं आवर्तन, बहुधा चार मात्रांचं. आठ बारांची एक चाल, तीच पुन्हा, मग आठ बार वेगळी चाल आणि परत पहिली. मुखडा-अंतऱ्यात वाढलेल्या आपल्या कानाला हे ओळखीचं वाटतं, पण एक फरक आहे. आपला अंतरा फिरून फिरून येतो, इथली वेगळी चाल एकदाच येते आणि तिचं काम एकच: पहिल्या चालीची ओढ लावून ठेवणं.

हिशेब केला तर ३२ बार म्हणजे १२८ मात्रा. मिनिटाला १२० मात्रांचा वेग धरला तर गाणं चौसष्ट सेकंदांत संपतं. मग पडद्यावर ते चार-पाच मिनिटं कसं चालतं? एकदा शब्दांसह गायचं आणि मग तीच चाल वाद्यांवर फिरवत नाचायचं. कधी व्हायोलिनवर, कधी पितळी वाद्यांवर, कधी निम्म्या लयीत, कधी वॉल्ट्झच्या तीन मात्रांत. प्रेक्षकाने ती धून नकळत पाच वेळा ऐकलेली असते आणि तीच गुणगुणत तो बाहेर पडतो.

मुख्य गाण्याआधी एक छोटा, सैल भाग असे. त्याला व्हर्स म्हणत. बोलणं आणि गाणं यांच्यामधली ही पायरी. संवाद चालू असतानाच मागे हळूच वाद्यं सुरू होतात, पात्र अर्धवट बोलल्यासारखं व्हर्स म्हणतं आणि मग चाल उचलतं. कोल पोर्टरच्या 'नाइट अँड डे'चा व्हर्स जवळजवळ एकाच सुरावर ठोके पडावेत तसा चालतो, आणि मुख्य गाणं ३२ ऐवजी ४८ बारांचं आहे. मोठे संगीतकार साचा असा खुशाल वाकवत. अर्व्हिंग बर्लिनचं 'चीक टु चीक' तर ७२ बारांचं.

चुंबनावर पहारा, म्हणून नाच

१९३४ च्या मध्यापासून हॉलिवूडची स्वतःची आचारसंहिता काटेकोर लागू झाली. लांबलेली चुंबनं, शय्यागृहातली जवळीक, विवाहबाह्य संबंधांचं समर्थन हे सगळं तपासलं जाऊ लागलं. घटस्फोट आनंदी कसा असेल, या आक्षेपापायी 'गे डिव्होर्स' नावाचं नाटक पडद्यावर 'द गे डिव्होर्सी' झालं: आनंदी घटस्फोट नव्हे, आनंदी घटस्फोटिता. या चौकटीत प्रेम दाखवायचं कसं? उत्तर होतं नाच. शरीरं जवळ येतात, एकमेकांवर भार टाकतात, दमतात, आणि तपासनिसाला बोट ठेवायला जागा सापडत नाही.

'टॉप हॅट'मधलं पावसातलं गाणं यासाठी बारकाईने पाहावं. लंडनमधली बाग, वादळ, एका बँडच्या चौथऱ्यावर छताखाली दोघं अडकलेली. ती घोडेस्वारीच्या वेषात, पँट घातलेली. तो गातो ते तिच्या पाठीशी; तिचा चेहरा त्याला दिसत नाही, आपल्याला दिसतो आणि तिथे हसू फुटलेलं असतं. गाणं संपल्यावर तो नुसता चालू लागतो, शीळ घालत. ती मागून त्याच्या चालण्याची नक्कल करते. तो एक पाऊल टाकतो, ती तेच टाकते. हा सवाल-जवाब चालू असताना दोघांनी एकमेकांना स्पर्शही केलेला नाही. वीज कडाडते, लय वाढते आणि मग ती दोघं पहिल्यांदा एकमेकांना धरून चौथऱ्यावर गिरक्या घेतात. शेवटी कट्ट्यावर बसून करतात काय, तर हस्तांदोलन. बरोबरीच्या दोघांनी एकमेकांना मान्य केलं, एवढंच. एका गाण्याआधी ती त्याला टाळत होती हे आठवलं, की त्या तीन-चार मिनिटांनी गोष्टीत किती मजल मारली ते कळतं.

'द गे डिव्होर्सी'मधला 'नाइट अँड डे'चा नाच याहून गडद. ती निघून जाऊ पाहते, तो वाट अडवतो, ती वळते, पुन्हा अडवतो. हळूहळू तिचा विरोध नाचाचाच भाग होतो. नाच संपतो तेव्हा ती बसून त्याच्याकडे थक्क होऊन बघत असते आणि तो तिला सिगारेट देऊ करतो. हे सूचक आहे हे १९३४ च्या प्रेक्षकाला समजत होतं. आजच्या डोळ्यांना ते वाट अडवणं टोचतं, आणि टोचलं तर त्यात पाहणाऱ्याची चूक नाही.

अस्टेअर-रॉजर्स जोडीचे दहा चित्रपट आहेत: नऊ आरकेओ स्टुडिओत १९३३ ते १९३९ आणि दहावा १९४९ मध्ये एमजीएममध्ये. पडद्यावर दिसणारं घसघशीत चुंबन थेट १९३८ च्या 'केअरफ्री'त, तेही स्वप्नात आणि संथ गतीत. खरं सांगायचं तर आधीच्या नाचांपुढे ते फिकं वाटतं.

टाच ते टाळू चौकटीत

अस्टेअरचा हट्ट होता की नाचताना पूर्ण शरीर दिसलं पाहिजे आणि कापाकापी कमीत कमी हवी. मधेच चेहऱ्याचं जवळून दृश्य, मधेच नुसते पाय, मधेच टाळ्या वाजवणारे प्रेक्षक, हे त्याला नको असे. कमी उंचीच्या चाकांच्या गाडीवर कॅमेरा ठेवून तो जोडीबरोबर सरकवला जाई.

याचा परिणाम साधा पण खोल आहे. एक टेक, म्हणजे कॅमेरा न थांबवता केलेलं चित्रण, दोन-तीन मिनिटं चालला की प्रेक्षकाची खात्री पटते: हे जुळवलेलं नाही, ही दोघं खरोखर आत्ता एकमेकांना सांभाळतायत. प्रेमकथेला हवा असलेला विश्वास इथे अभिनयाच्या आधी कॅमेरा देऊन जातो.

किंमत मात्र जबर. शेवटच्या दहा सेकंदांत पाय चुकला तरी सगळं पहिल्यापासून. 'स्विंग टाइम' (१९३६) मधल्या निरोपाच्या नाचाचा शेवट जिन्याच्या वरच्या टप्प्यावर गिरक्यांनी होतो. त्याचे ४७ टेक झाले आणि रॉजर्सच्या बुटांत रक्त साचलं. 'टॉप हॅट'मधल्या 'चीक टु चीक'च्या वेळी तिचा शहामृगाच्या पिसांचा झगा प्रत्येक गिरकीला पिसं सांडत होता. अस्टेअर वैतागला, झगा शिवून घट्ट केला, तरी अंतिम चित्रपटात पिसं तरंगताना आणि जमिनीवर पडलेली दिसतात. चकचकीत जमिनींवर प्रत्येक टेकला ओरखडे उठत, ते दर वेळी पुसून पुन्हा चमक आणावी लागे.

रंग आला तेव्हा

वरचे आरकेओचे सगळे चित्रपट काळे-पांढरे. रंगाचं राज्य एमजीएमच्या आर्थर फ्रीड या निर्मात्याच्या हाताखाली बहरलं. टेक्निकलर कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन फिल्मा फिरत. काचेचा लोलक प्रकाश फोडून प्रत्येकीवर एकेक मूळ रंग टिपवी. त्याला प्रकाश इतका लागे की सेट भट्टीसारखा तापे. कॅमेरा विकत मिळत नसे, टेक्निकलर कंपनीकडून भाड्याने घ्यावा लागे आणि रंगांचा सल्लागारही तीच पाठवी.

व्हिन्सेंट मिनेलीच्या 'मीट मी इन सेंट लुईस' (१९४४) मध्ये मेजवानी संपल्यावर ज्युडी गार्लंड शेजारच्या मुलाला घरातले गॅसचे दिवे मालवायला मदत कर म्हणते. एकेक दिवा मंद होत जातो, कॅमेरा क्रेनवरून त्यांच्या मागे फिरतो आणि सबंध प्रणयप्रसंग प्रकाश कमी होण्यातूनच घडतो. गाणं त्यात अगदी थोडंसं. फ्रीडच्या चमूचं सर्वांत नाजूक काम कुठलं, असं विचारलं तर मी हेच सांगेन.

'सिंगिंग इन द रेन' (१९५२) मधला पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामागचं प्लंबिंग कमी जणांना. स्टुडिओच्या आवारातला रस्ता काळ्या ताडपत्रीने झाकून दिवसा रात्र केली. डबकी नाचाच्या पावलांप्रमाणे रस्ता खणून तयार केली. दुपार कलली की आजूबाजूच्या कल्व्हर सिटीतले लोक घरी येऊन बागेचे फवारे सोडत आणि पाण्याचा दाब पडे. नायक जीन केलीला त्या वेळी १०३ अंश ताप होता, लोकरी सूट भिजून आटत होता. पाणी दिसावं म्हणून त्यात दूध मिसळलं, ही कथा खोटी. पावसाच्या धारांना मागून प्रकाश दिला की त्या दिसतात, तेच केलं होतं. आणि तो नाचू लागण्याआधी जी निरर्थक गुणगुण आहे ती मूळ गाण्यात नव्हतीच. फ्रीडच्या चमूतल्या रॉजर ईडन्सने ती जोडली, चालण्यातून गाण्यात शिरायला पायरी हवी म्हणून.

'पण असं कुणी अचानक गातं का?'

नाही गात. तसं तर कुणी स्वगतही बोलत नाही. संगीतपटाचा अलिखित करार असा की भावना बोलण्यात मावेनाशी झाली की गाणं आणि गाण्यात मावेनाशी झाली की नाच. करार पाळला तर प्रेक्षकाला काही खटकत नाही. पायऱ्या गाळल्या, म्हणजे मागचं संगीत नाही, व्हर्स नाही, थेट चाल, तर तोच प्रेक्षक हसतो. अपयशी संगीतपटांतला 'अचानकपणा' बहुधा या जोडकामातला दोष असतो.

'गोष्टीत काही दमच नाही'

खरं आहे. पण ही गोष्ट म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. तिच्याकडून ताण हवा, नक्षी नको. 'टॉप हॅट'मध्ये नायिकेला वाटतं की हा आपल्या मैत्रिणीचा नवरा. एका वाक्यात मिटेल असा गैरसमज दीड तास ताणलाय. पण 'चीक टु चीक'च्या वेळी तीच मैत्रीण दोघांना आणखी जवळ नाचा म्हणून खुणावते आणि नायिका मोह व संकोच यांच्यात सापडते. त्या पोरकट गैरसमजाशिवाय हा नाच नुसताच सुंदर राहिला असता.

'आवाज उसना, मग प्रेम खरं कसं?'

मार्नी निक्सन या गायिकेने 'द किंग अँड आय' (१९५६) मध्ये डेबोरा कर, 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) मध्ये नॅटली वूड आणि 'माय फेअर लेडी'त बहुतेक गाण्यांत ऑड्री हेपबर्न यांच्यासाठी आवाज दिला. तिन्ही चित्रपटांच्या श्रेयनामावलीत तिचं नाव नव्हतं. फसवणूक म्हणायची तर ती गायिकेची. आपल्याकडेही 'महल' (१९४९) च्या तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी 'कामिनी' या पात्राचं नाव छापलं होतं. पुढे मात्र पार्श्वगायक स्वतः तारे झाले. हॉलिवूडने त्यांना लपवणं पसंत केलं.

यातला सर्वांत गमतीचा गुंता 'सिंगिंग इन द रेन'मध्ये. कथेत डेबी रेनॉल्ड्सचं पात्र कर्कश आवाजाच्या नटीला आपला आवाज उसना देतं. प्रत्यक्षात त्या नटीचे संवाद 'सुधारताना' ऐकू येतो तो तिची भूमिका करणाऱ्या जीन हेगनचाच नैसर्गिक आवाज, आणि 'वुड यू?' हे गाणं गायलंय तिसऱ्याच बेटी नॉइसने.

'हे जग गोऱ्यांपुरतंच होतं'

या आक्षेपाला उत्तर नाही, तो मान्यच करावा लागतो. टॅप नृत्याच्या घडणीत आफ्रिकन अमेरिकन नर्तकांचा वाटा पायाचा. पण एमजीएममध्ये लीना हॉर्न या कृष्णवर्णीय गायिकेची गाणी कथेपासून सुटी चित्रित केली जात, म्हणजे दक्षिणेकडच्या चित्रगृहांना ती कापता यावीत. 'शो बोट' (१९५१) मधली मिश्रवंशीय स्त्रीची भूमिका एव्हा गार्डनरला मिळाली, आणि चित्रपटात तिच्यासाठी गायली अॅनेट वॉरन. 'स्विंग टाइम'मध्ये अस्टेअर स्वतः चेहरा काळा करून एक नाच करतो. तो कृष्णवर्णीय नर्तक बिल रॉबिन्सनच्या नावाने केलेला, पण पाहताना आज घशाखाली उतरत नाही. निकोलस बंधूंचा 'स्टॉर्मी वेदर' (१९४३) मधला जिन्यावरचा नाच आवर्जून शोधून पाहावा. प्रत्येक पायरीवर एकमेकांच्या डोक्यावरून उडी मारून पाय फाकवून उतरायचं आणि हात न टेकता उठायचं. प्रणयनायकाच्या भूमिका मात्र त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत.

'मग आता असे का बनत नाहीत?'

कारण हे चित्रपट एका विशिष्ट कारखान्याचं उत्पादन होते. नट, नर्तक, वादक, शिंपी, सुतार सगळे वर्षाच्या पगारावर. सहा आठवडे तालीम परवडायची, कारण ती माणसं आधीच पटावर होती. मे १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टुडिओंच्या चित्रगृह-मालकीविरुद्ध निकाल दिला, तिकिटाची हमी गेली. पाठोपाठ टीव्ही घराघरात शिरला. 'अॅन अमेरिकन इन पॅरिस' (१९५१) मधलं सुमारे सतरा मिनिटांचं शब्दाविना बॅले हे वैभवाचं टोक. 'द साउंड ऑफ म्युझिक' (१९६५) तुफान चालला आणि त्याच्या भरवशावर काढलेले 'डॉक्टर डूलिटल', 'स्टार!', 'हॅलो, डॉली!' हे महागडे चित्रपट स्टुडिओंना बुडवून गेले.

तरी प्रयत्न होतात. 'ला ला लँड' (२०१६) मध्ये टेकडीवरचा सूर्यास्ताचा टॅप नाच एकाच टेकमध्ये आहे. हवा तो प्रकाश दिवसाला जेमतेम अर्धा तास, म्हणजे दिवसाला मोजकेच टेक. अस्टेअरची सफाई त्या पावलांत नाही, आणि त्या दोन पात्रांना ते शोभूनही दिसतं.

घरी बघताना

१९५३ आधीच्या चित्रपटांची चौकट जवळपास चौकोनी असते, १.३७ ला १. रुंद टीव्हीवर 'झूम' करून पडदा भरला तर उंचीचा जवळजवळ चौथा भाग कापला जातो आणि त्यात नेमके पाय जातात. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. हालचाल 'गुळगुळीत' करणारी टीव्हीची सोय बंद करा, नाहीतर फिल्मचा नाच मालिकेसारखा दिसतो. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज किंचित उशिरा पोचतो. संवादात चालून जातं, टॅपमध्ये सगळा नाच बेताल वाटतो. तारेचा स्पीकर लावा किंवा टीव्हीतला आवाजाचा मेळ दुरुस्त करून घ्या. रंगवलेल्या आवृत्त्या टाळा.

सुरुवात 'टॉप हॅट'पासून, मग 'सिंगिंग इन द रेन', मग 'मीट मी इन सेंट लुईस'. चौथा 'द बँड वॅगन' (१९५३). त्यात फ्रेड अस्टेअर आणि सिड शॅरीस एका बागेत नुसते चालत असतात. एकत्र नाचता येईल की नाही याची दोघांनाही धास्ती आहे. कुणी गात नाही, फक्त वाद्यं. चालण्याचा नाच नेमका कुठल्या पावलाला होतो ते रिमोट हातात घेऊन शोधा. दोघं मिळून पाहत असाल तर तुमची उत्तरं बहुधा वेगळी येतील.